बागेचं वर्ष मृगापासून

मागच्या वर्षी मे महिन्यात आजी न्हाणीघरात घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता सहा महिने पायऱ्या चढायच्या नाहीत, वाकायचं नाही. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग झाडांना पाणी कोण घालणार?" घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, घरात त्यातल्या त्यात रिकामी मीच. अशी आमच्या शहापुरातल्या घराची बाग माझ्या गळ्यात पडली.

बाग म्हणजे फार मोठी नाही. पुढे फाटकापाशी मातीत लावलेली शेवंतीची रांग, मागे परसात जास्वंद, अळू, एक लिंबू आणि मोगरा, आणि गच्चीवर तीसेक कुंड्या. त्यातल्या निम्म्या म्हणजे जुने डबे आणि फुटक्या बादल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून हा लेख बागकामातल्या कुणा जाणकाराचा नाही, एका वर्षात बऱ्याच चुका केलेल्या मुलीचा आहे. आमच्या बेळगावच्या हवेत कुठल्या महिन्यात काय करायचं आणि मुख्य म्हणजे का करायचं, एवढंच सांगणार आहे. खानापूरच्या बाजूला पाऊस आमच्यापेक्षा जास्त, गोकाककडे कमी, तेव्हा त्या त्या भागातल्या वाचकांनी दहा-पंधरा दिवस पुढे-मागे करून घ्यावं.

आजीचं बागेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मृगाला, म्हणजे ७ जूनच्या सुमारास सुरू होतं. ती तारखा सांगतच नाही. "आर्द्रात फांद्या लाव", "हस्त सरू दे, मग गुलाब काप" अशी तिची भाषा. मी सुरुवातीला वैतागायचे. मग कॅलेंडरवर प्रत्येक नक्षत्राची तारीख पेनने गोल करून ठेवली तेव्हा कळलं की हिशेब अगदी सरळ आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, म्हणजे आजीचं कॅलेंडर पंधरवड्यांचंच आहे, फक्त नावं वेगळी.

पहिली चूक, पाण्याची

मे महिन्यात आजीने सांगितलं होतं, "रोज पाणी घाल." मी रोज घातलं. जून लागला, पाऊस सुरू झाला, तरी मी घालतच राहिले, कारण कुणी थांब म्हटलं नव्हतं. जूनच्या शेवटी गच्चीवरच्या तुळशीची पानं मरगळून खाली लोंबायला लागली. मला वाटलं, तहान लागली. आणखी पाणी घातलं. आठवड्यात तुळस गेली, मागोमाग जरबेरा गेला.

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण नवशिक्यांची सर्वांत जास्त झाडं याच कारणाने मरतात. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असेल तर मूळ नीट श्वास घेतं. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं, मग कुजतं. कुजलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून माती चिंब ओली असतानाही झाड तहानेल्यासारखं मान टाकतं, आणि आपण त्याला आणखी पाणी पाजतो. पान कोमेजलं की आधी मातीत बोट घालून बघायचं. दोन पेरांपर्यंत बोट आत गेलं आणि माती ओली लागली तर झारी खाली ठेवायची. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "पाणी मागतंय काय झाड, हे आधी बघायला नको होय?" आता मी काय बोलणार!

पावसाळ्यात कुंड्यांसाठी तीन गोष्टी मात्र मृगाच्या आधीच करून ठेवाव्यात. कुंडीच्या बुडाचं भोक काडीने मोकळं करायचं आणि त्यावर आतून खापरीचा तुकडा उपडा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जाऊन भोक बुजत नाही. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवायची. आणि कुंडीखालच्या बशा चार महिने सरळ काढून टाकायच्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बशी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून कोरडी करायला हवी.

भर पावसात खत घालू नये. ते मुळांना मिळण्याआधी वाहून जातं. मी जुलैमध्ये गांडूळखताची अख्खी पिशवी गच्चीवर टाकली आणि ती पन्हाळीतून शेजारच्या अक्कांच्या अंगणात गेली. अक्का म्हणाल्या की त्यांची कर्दळ छान वाढली.

गोगलगायी आणि निळं औषध

आर्द्रापासून श्रावणापर्यंत दोन शत्रू. एक गोगलगाय, दुसरी बुरशी.

शंखातली मोठी गोगलगाय रात्री येते आणि कोवळे शेंडे खाऊन सकाळी दिसेनाशी होते. लोक मीठ टाकतात. गोगलगाय मरते हे खरं, पण ते मीठ मातीत उतरतं आणि झाडालाही मारतं. त्यापेक्षा संध्याकाळी गोणपाट ओला करून मातीवर पसरायचा, खाली कोबीची टाकाऊ पानं ठेवायची. सकाळी गोणपाट उचलला की सगळ्या तिथेच जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून गोळा करायच्या. पहिल्या दिवशी मी एकोणचाळीस मोजल्या, नंतर मोजायचं सोडून दिलं.

बुरशीसाठी बोर्डो मिश्रण. हे फ्रान्समधल्या बोर्डो प्रांताचं औषध, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, कारण निळसर डाग पडलेली द्राक्षं जाणारे-येणारे चोरून खात नसत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवडा रोगाने बाकीचे वेल झडले तरी रस्त्याकडेचे हिरवे राहिलेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे आणलं.

घरच्या बागेला एक लिटर पुरतं. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही वेगळं विरघळवायचं, प्लास्टिकच्याच भांड्यात, कारण मोरचूद लोखंडाला आणि जस्ताला खातं. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळायचं. आकाशी रंग येतो. त्यात एक लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद जास्त आहे, ते पानं जाळेल, आणखी थोडी चुन्याची निवळी घालायची. खिळा स्वच्छ राहिला की गाळून, उघडीप मिळेल त्या दिवशी फवारायचं. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. आणि हे लक्षात ठेवावं की रोग येऊ नये म्हणून हे औषध आहे. आलेला डाग त्याने पुसला जात नाही. खायच्या पालेभाजीवर मारू नये, आणि मोरचुदाची पुडी लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. ते विषारी आहे.

पावसाळ्याची चांगली बाजूही आहे. हवेत दमटपणा असल्यामुळे फांद्या सहज मूळ धरतात. जास्वंदाची पेन्सिलीएवढी जाड फांदी, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची. पानं अर्धी का? मूळ नसलेल्या फांदीला पाणी मिळत नाही, पण पानं मात्र ते उडवत राहतात. पानाचा पसारा कमी केला की फांदी तग धरते. मी सात लावल्या, पाच जगल्या. माझा पहिला विजय तो.

शेवंती फुलेना

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

आजीची शेवंती पिवळी, गावठी, घट्ट पाकळ्यांची. ती रोपं तिच्या माहेरहून आलेली, म्हणजे आजोबांच्याही आठवणीआधीची. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या बुडख्यातून निघालेले फुटवे वेगळे करून ती पुन्हा लावायची आणि दिवाळीच्या आसपास फाटक पिवळं व्हायचं. शेजारच्या कानडी अक्का "सेवंतिगे कोडी" म्हणत परडी घेऊन यायच्या, गल्लीतल्या निम्म्या देव्हाऱ्यांत आमची फुलं असायची.

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. जूनमध्ये फुटवे लावले. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला. शेंडा खुडला की बाजूचे डोळे जागे होतात, एका काडीच्या चार होतात आणि फुलंही तेवढी वाढतात. असं ऑगस्टअखेरपर्यंत दोन-तीनदा करायचं, नंतर हात लावायचा नाही. रोपं अशी भरली की आजी खिडकीतून बघून खूश. दसरा गेला. हस्त संपलं. चित्रा लागलं. पानं हिरवीगार आणि कळी एकही नाही.

आजी काही बोलली नाही. पण ती खिडकीतून बघायची बंद झाली, हे मला जास्त लागलं. एकदा रात्री आईला म्हणाली, "माझ्या हातानं लावलेली न्हवं, म्हणून असंल." मला रडू आलं.

शेवटी कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्राच्या सरांना गाठलं. मला वाटलं ते खत सांगतील. त्यांनी विचारलं, "रोपं कुठे आहेत? तिथे रात्री अंधार असतो का?" तेव्हा आठवलं. पूर्वी गल्लीतला दिवा कोपऱ्यावर होता. उन्हाळ्यात नवा खांब उभा राहिला तो नेमका आमच्या फाटकासमोर, आणि त्याचा पांढरा उजेड रात्रभर शेवंतीवर.

सरांनी समजावलं ते असं. काही झाडं ऋतू ओळखतात ते थंडीवरून नाही, रात्रीच्या लांबीवरून. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून हे दाखवलं. ती जात उन्हाळ्यात नुसती उंच वाढत राहायची आणि फुलायची नाही. तिला रोज ठरावीक तास अंधारात ठेवलं की मात्र फुलायची. शेवंती त्याच जातकुळीतली. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधाराची झाली की तिच्या पानांना कळतं, आता कळ्या धरायच्या. आपल्याकडे सप्टेंबरअखेर दिवस-रात्र सारखी होते आणि पुढे रात्र वाढत जाते, म्हणून शेवंती दिवाळीच्या सुमारास येते. पण समोर दिवा असेल तर तिच्यासाठी रात्र होतच नाही. ती बिचारी अजून जूनमध्येच आहे आणि पानं वाढवत बसली आहे. मधेच थोडा वेळ उजेड पडला तरी तिचा हिशेब चुकतो. ज्यांना अवेळी फुलं हवीत ते शेतकरी हेच उलटं वापरतात. रात्री दिवे लावून फुलणं लांबवतात, किंवा काळ्या कापडाने झाकून लवकर आणतात.

त्या दिवशी घरी येऊन मी पाचपैकी तीन रोपं मातीच्या मोठ्या गड्ड्यासकट खणून कुंड्यांत घातली आणि मागच्या परसात नेली, जिथे रात्री खरोखर काळोख असतो. चौथ्या रोपावर रोज संध्याकाळी सहाला फ्रिजचा जुना खोका उपडा घालायचा आणि सकाळी सातला काढायचा असं ठरवलं. पाचवं तसंच ठेवलं, थोडं आळसाने आणि थोडं बघू तरी काय होतंय म्हणून. तेव्हा ऑक्टोबर अर्धा संपला होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या कुंड्यांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. दिवाळी हुकलीच होती. फुलं पूर्ण उघडली ती डिसेंबरच्या मध्यावर, कॉलेजमध्ये नाताळची सजावट चालू होती तेव्हा. खोक्याखालचं रोप आणखी आठवडाभराने आलं, कारण परीक्षेच्या धांदलीत दोन-तीन रात्री खोका घालायचा राहिला होता. पाचवं रोप हिरवंच राहिलं. पहिलं फूल मी आजीच्या हातात दिलं तेव्हा ती वॉकर धरून परसाच्या दारापर्यंत आली होती. कुंड्या बघितल्या आणि म्हणाली, "त्या खांबाला सांगून ये, म्हातारीची शेवंती आलीय म्हणून."

कॉलेजच्या व्हरांड्यातलं पॉइनसेटियाही याच स्वभावाचं आहे. मूळ मेक्सिकोचं हे झाड, नाताळात त्याची लाल फुलं आपण कौतुकाने बघतो. खरं तर ती पानं आहेत, फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे ठिपके. घरी ते वर्षभर जगतं पण डिसेंबरात लाल होत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. ते दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली असतं म्हणून. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ-दहा आठवडे रोज चौदा तास काळोख मिळू दे, मग बघा. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत जाणार नाही एवढं सांभाळा.

थंडीचे महिने

स्वातीपासून, म्हणजे २४ ऑक्टोबरच्या पुढे, आमच्या बेळगावात बागेला सुगीच. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, त्यामुळे सकाळी धुकं आणि दुपारी कोवळं ऊन. खतं आता घालायची. दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत, महिन्यातून एकदा चमचाभर निंबोळी पेंड.

गुलाबाची छाटणी पाऊस पुरता थांबल्यावर. सुकलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. उरलेल्या अर्ध्यावर आणायच्या. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचावर, तिरका; म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. सिकेटर धारदार हवा, चेंगरलेल्या टोकातून फांदी काळी पडत खाली येते. कलमाच्या खालून, म्हणजे गाठीखालून फुटलेली फांदी मुळापासून काढायची, ती जंगली असते आणि सगळं अन्न खाते. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण पंचेचाळीस दिवस. नाताळला घरचा गुलाब हवा असेल तर ८-१० नोव्हेंबरला कात्री लावायची.

मेथी-कोथिंबीर कशातही येते. धणे अख्खे न पेरता पोळपाटावर लाटण्याने दोन फाका होतील एवढे रगडायचे. सगळे एकदम पेरू नयेत, दर दहा-बारा दिवसांनी एक डबा पेरला की घरात जुडी विकत आणावी लागत नाही.

मोगऱ्याला मात्र डिसेंबर-जानेवारीत उपाशी ठेवायचं. पाणी अगदी कमी, खत नाही. पानं पिवळी पडतील, पडू द्यात. आजीच्या सांगण्यावरून मी हे केलं तेव्हा मला वाटलं, आता हेही मारलं. जानेवारीअखेर फांद्या निम्म्या छाटल्या, उरलेली पानं हाताने ओरबाडली, माती उकरून शेणखत घातलं आणि भरपूर पाणी. विश्रांती घेतलेलं झाड एकदम फुटतं, आणि मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच येते. मार्चमध्ये घरभर वास.

उन्हाळा

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. पाणी सकाळी लवकर, आणि गच्चीवर असेल तर संध्याकाळी पुन्हा. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा भोकातून बाहेर येईपर्यंत एकदा घालावं, नाहीतर मुळं वरच्या वरच राहतात आणि पहिली करपतात. मातीवर पाचोळ्याचा दोन बोटं थर. तो पाचोळा लोक जानेवारी-फेब्रुवारीत झाडून पेटवून देतात, आणि एप्रिलमध्ये कोकोपीट विकत आणतात! कुंड्या तापलेल्या स्लॅबवर न ठेवता फळीवर, आणि एकमेकींना चिकटून.

जास्वंदावर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करायचा, कारण त्याच त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. पाण्याच्या जोरदार धारेने धुवायचं, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावर. आठवड्याने पुन्हा.

पहिला वळीव पडला की फसू नये. लोक त्या ओलीवर बिया पेरतात आणि पुढचे पंधरा दिवस कडक ऊन पडून कोंब जळतात. तो काळ रिकाम्या कुंड्यांची माती गच्चीवर पसरून चार-सहा दिवस तापवायचा आहे. उन्हाने त्यातली कीड आणि बुरशी बरीच कमी होते. मग दोन भाग ही माती, एक भाग शेणखत, आणि माती काळी असेल तर एक भाग वाळू.

यंदाच्या मृगाला शेवंतीचे फुटवे मी थेट मागच्या परसात लावले. आजी खुर्चीत बसून काठीने जागा दाखवत होती, आणि "एवढं जवळ नको, वीतभर सोड" हे किमान दहा वेळा म्हणाली. फाटकापुढची पट्टी रिकामी आहे. तिथे दिव्याचं काही न वाटणारं झाड हवं. आजीचं मत अबोली, ती जवळजवळ बाराही महिने फुलते. अक्कांकडे तिचं कनकांबर आहे, फूल तेच, नाव वेगळं. पुष्य लागलं की दोन रोपं देते म्हणाल्या आहेत.